वखारीतला बास्केटबॉल

परशा बेळगावच्या उद्यमबागेत आला तेव्हा सकाळची पाळी सुटत होती. फाटकाबाहेर बसची वाट पाहणाऱ्या कामगारांत मीही उभा होतो. त्याने मोटारसायकल माझ्यापुढे आणून थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही, खाली उतरलाही नाही. "अण्णा गेले रं," तो म्हणाला, "पहाटं. निपाणीस्नं फोन आलता." आमच्या भागात घराघरात एक अण्णा असतो, तरी कोणते अण्णा हे मी विचारलं नाही. मी त्याच्या मागे बसलो. निपाणीच्या वाटेत मला सारखं वाटत होतं, की आम्ही दोघं कुठल्या तरी मॅचला निघालोय, बाकीची पोरं पुढच्या बसने गेलीत, आणि अण्णा फाट्यावर बॉलची जाळी खांद्यावर टाकून उभे असणार.

याला पाच आठवडे झाले. वर्तमानपत्रात त्यांच्याबद्दल काही आलं नाही, येणारही नव्हतं. कागदोपत्री मारुती अण्णा आमच्या कॉलेजच्या जिमखान्याचे शिपाई होते. फक्की मारून मैदान आखायचं, बॉलमध्ये हवा भरायची, जाळ्या शिवायच्या, पाण्याची कळशी भरून ठेवायची, ही त्यांची कामं. आणि आमच्या कॉलेजचा बास्केटबॉल म्हणजे कोण, असं त्यांच्या दहाबारा वर्षांत खेळलेल्या कुठल्याही पोराला विचारा. तो दुसरं नाव घेणार नाही.

मी लहान होतो तेव्हाची गोष्ट आईने सांगितलेली आहे. दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी अण्णा पलटणीतून सुटून निपाणीला आले आणि कॉलेजात चिकटले. मागच्या माळावर तेव्हा दोन लोखंडी खांब उभे होते, वर फळ्या, फळ्यांना कड्या. कुठली तरी तपासणी समिती यायची होती म्हणून ते घाईने रोवलेले. समिती येऊन गेली आणि खांबांना कुणीतरी म्हैस बांधायला लागलं. अण्णांनी म्हैस सोडली, मालकाच्या दारात नेऊन बांधली आणि परत येऊन नुसतंच त्या कड्यांकडे बघत बसले, असं आई म्हणायची. पलटणीत ते हा खेळ खेळले होते. तिथे सिमेंटचं मैदान होतं. इथे काळी माती आणि कुसळं. अण्णांनी गाडीवानांच्या हातापाया पडून मुरूम आणवला, पसरला, पाणी मारलं. पण दाबायला रूळ नव्हता. मग त्यांनी एक युक्ती केली. आमच्या वस्तीतल्या बाया भल्या सकाळी तंबाखूच्या वखारीत कामाला जात, दीडदोनशे बाया, रस्त्याने रांग लागायची. अण्णा रस्त्यात आडवे उभे राहिले. "बायांनो, उद्यापास्नं सडकंनं जाऊ नगासा, मैदानातनं जावा." बाया हसल्या. एकीने विचारलं, "का वो अण्णा, तिकडं हळदीकुंकू हाय व्हय?" पण गेल्या. महिना-दीड महिना रोज सकाळी जाताना आणि रोज संध्याकाळी येताना, धुक्यातून, डोक्यावरचा पदर सावरत, बोलत, भांडत त्या बाया त्या मुरमावरून चालत राहिल्या आणि मैदान दगडासारखं बसलं. आमच्या कॉलेजचं बास्केटबॉल कोर्ट माझ्या आईच्या पायांनी तयार झालेलं आहे. कॉलेजच्या इतिहासाच्या पुस्तिकेत ते एका देणगीदाराच्या नावावर आहे. दोन्ही गोष्टी मी इथे लिहून ठेवतो.

पावसाळ्यात मात्र त्या कोर्टावर पाय ठरत नसे. तेव्हा तंबाखूची खरेदी आटोपून एका वखारीचे दोन खण रिकामे पडत. अण्णांनी त्या वखारीच्या दिवाणजीला पटवलं आणि जून ते सप्टेंबर आमचा सराव तिथे होऊ लागला. डोळे मिटले की ती वखार अजून दिसते... कौलांतल्या काचांतून खाली उतरलेले उजेडाचे तिरके खांब, त्यांत तरंगणारी तंबाखूची पिवळी भुकटी, आणि त्यातून येणारा, दिसेनासा होणारा, पुन्हा उजेडात येणारा बॉल. धावणारी पोरं पायाखाली धुरळा उडवत आणि तो धुरळा खाली बसायला तयार नसे, त्यामुळे सगळेच जमिनीपासून वीतभर वर चालल्यासारखे वाटायचे. तोंडाला फडकी बांधलेली. पहिल्या आठवड्यात शिंका येऊन जीव नकोसा व्हायचा. मग नाक मरायचं आणि नुसताच वास उरायचा, मधासारखा, थोडा कडू. तो अंगातून दिवाळीपर्यंत जात नसे. बेळगावच्या पोरांनी आम्हाला 'तपकीर' असं नाव ठेवलं होतं. आम्ही मैदानात उतरलो की एका बाजूने ओरडायचे, "आली रं तपकीर आली!" आणि दुसऱ्या बाजूचे खोटं खोटं शिंकायचे.

वखारीचं आढं खाली होतं. बॉल जरा उंच टाकला की तुळईला लागून भलतीकडे उडायचा. त्यामुळे आमच्या टीमला उंच फेक कधी आलीच नाही. बॉल कमरेखालून, जमिनीला एकच टप्पा देऊन, माणसांच्या पायांमधून पुढे सरकवायचा आणि अगदी कडीखाली जाऊन फळीला घासून टाकायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटे, ही या कॉलेजची काही खास शैली आहे. परगावच्या एका पंचाने तसं कौतुकही केलं होतं. अण्णा हसून म्हणाले, "सायेब, छप्पर बसकं हाय आमचं."

मी टीममध्ये आलो तो पळता येतं म्हणून. परशा आला तो उंच होता म्हणून. तो खानापूरकडचा, गुंजीचा. शेतकऱ्याचं पोर, निपाणीत मामाकडे शिकायला राहिलेला. पहिल्याच दिवशी त्याने वखारीत उडी मारली आणि तुळईवर डोकं आपटून घेतलं. अण्णांनी त्याच्या कपाळाला हळद लावली. तिथली तंबाखू निवडणारी एक म्हातारी म्हणाली, "अण्णा, ह्यो जिराफ कुठनं आणलासा?" अण्णा परशाला म्हणाले, "लांबी तुला आईबापानं दिली. वाकायला मी शिकिवतो." आणि शिकवलं. चार महिने त्याला त्यांनी बॉल कमरेच्या वर उचलू दिला नाही. मी चुकलो की मात्र एकच वाक्य ठरलेलं. "मिलिंदा, बॉलकडं बगू नगंस रं. बॉल कुठं पळून जात न्हाय. माणूस बग."

आमच्यात मराठी बोलणारी पोरं होती, कानडी बोलणारी होती. व्यायामाचे आकडे अण्णा एक दिवस मराठीत मोजत, एक दिवस कानडीत. सीमाभागातल्या आंदोलनाच्या दिवसांत गाड्या बंद पडत, बाजार बंद होई, आणि मी मुठी आवळून वखारीत येई. घरच तसं होतं माझं. वडील विडी कामगारांच्या संघटनेची पत्रकं वाटत. पत्रकाची मागची बाजू कोरी असे, तिच्यावर मी बाराखडी गिरवली. पुढच्या बाजूला 'कामगार बंधू-भगिनींनो' आणि मागे माझं 'क का कि की'. त्यामुळे अन्याय दिसला की लिहायचं, छापायचं, वाटायचं, यापलीकडे दुसरं काही करता येतं हेच मला ठाऊक नव्हतं. एकदा मी अण्णांना म्हणालो, "असल्या दिवशी कानडीत काय मोजताय?" अण्णा थांबले नाहीत. "ऐदू... आरू... बैठक मार रं, आकड्याला गाव नसतंय."

बेळगावला विभागीय अंतिम सामना आम्ही खेळलो ते माझं कॉलेजचं दुसरं वर्ष. आमच्या कॉलेजची टीम तिथवर पूर्वी कधी गेली नव्हती. समोर शहरातलं मोठं कॉलेज, सिमेंटचं कोर्ट. आम्ही सकाळीच पोचलो. अण्णांनी आम्हाला कडेला ओळीने बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि स्वतः मधोमध उभे राहून बॉल आपटत राहिले. "ऐका. आपल्या मुरमावर धप्प म्हणतोय. हितं टण्ण. टण्ण म्हणला की लौकर परत येतोय. हात आधी न्या." कितीतरी वेळ आम्ही डोळे मिटून ऐकत होतो. ऊन पापण्यांवर येत होतं... त्या अर्ध्या तासात मला वाटलं, जगात या आवाजाखेरीज काही नाही.

पहिल्या अर्ध्यात आम्ही मार खाल्ला. त्यांची पोरं लांबून, उंचावरून बॉल टाकत आणि तो आमच्या डोक्यावरून पक्ष्यासारखा जाऊन कडीत पडे. मध्यंतरात आमचे क्रीडाशिक्षक सर आले, "जिद्द ठेवा" म्हणाले, आणि पाहुण्यांच्या तंबूत परत गेले. अण्णा पाण्याचा तांब्या फिरवत खाली बसले. "वर त्येंचं हाय," ते म्हणाले, "खाली आपलं. वर बगायचंच न्हाय आता. आढं हाय असं समजा." त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. फक्त पाय आठवतात, पायांच्या मधल्या फटी, आणि त्यांतून सुटणारा बॉल, आणि दर वेळी तो जिथे निघायचा तिथे वाकून उभा असलेला परशा. शेवटची शिट्टी झाली तेव्हा आम्ही एका बास्केटने पुढे होतो. शिंकणारी पोरं गप्प होती. परशाने अण्णांना उचललं. ते ओरडत होते, "अरं सोड भाड्या, कळशी सांडंल!"

पुढच्या आठवड्यात कॉलेजात फोटो काढला गेला. जिमखान्याच्या भिंतीवर टीमचे असे फोटो दरवर्षी लागत. पुढे खुर्च्या, मागे खेळाडू, खाली रंगाने रंगवलेली नावं. त्या दिवशी खुर्च्या अण्णांनीच आणल्या, फडक्याने पुसल्या, सरळ रेषेत मांडल्या. प्राचार्य बसले, क्रीडाशिक्षक सर बसले, संस्थेचे दोन सभासद बसले, आमचा कॅप्टन बसला. कप स्टुलावर. अण्णांनी मागे येऊन प्रत्येकाचा बनियन खाली ओढून सारखा केला, माझा भांग नीट केला, आणि ते कॅमेरेवाल्याच्या डाव्या हाताला जाऊन उभे राहिले. फोटो धुऊन आला तेव्हा मी तो बाकीच्यांशेजारी ठेवून पाहिला. मग सगळेच नीट पाहिले. एकाही फोटोत कुठलाच खेळाडू कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. सगळ्यांचे डोळे किंचित एका बाजूला होते, दरवर्षी त्याच बाजूला.

त्या रात्री नव्हे, त्याच दुपारी, ग्रंथालयात बसून मी पत्रक लिहिलं. मथळा दिला, 'खुर्ची कोणाची?' टीम कोणी घडवली, मुरूम कोणी पसरला, वखार कोणी मिळवली, खुर्चीत कोण बसलं आणि बाहेर कोण उभं राहिलं, सगळं लिहिलं. पलटणीत देशासाठी उभा राहिलेला आमचा माणूस कॉलेजातही उभाच का, असं शेवटी विचारलं. प्रत्येक शब्द खरा होता. वडिलांच्या ओळखीच्या छापखान्यात छापून सोमवारी सकाळी मी ते फाटकावर वाटलं. ते मी सगळ्या कॉलेजला वाचायला दिलं. अण्णांना आधी वाचून दाखवावं, विचारावं, हे माझ्या मनातही आलं नाही. पत्रक ज्यांच्यासाठी असतं त्यांना विचारायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या घरी पत्रक निघे ते सरळ वाटायलाच.

चार दिवसांत हुकूम लागला. शिपायाकडून प्रशिक्षणाचं काम घेतलं जातं ही बाब निदर्शनास आली आहे, ते नियमबाह्य आहे, संबंधितास ग्रंथालयात वर्ग करण्यात येत आहे. मी तरातरा क्रीडाशिक्षक सरांकडे गेलो. या माणसाला मी पत्रकात ढोंगी म्हटलं होतं. ते रागावले नाहीत. खिडकीतून कोर्टाकडे बघत म्हणाले, "तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. म्हणूनच आता त्याला मैदानावर ठेवता येत नाही. इतकी वर्षं कुणी लिहिलं नव्हतं, म्हणून तो तिथे होता."

अण्णांची जागा कशी होती ते मला तेव्हा कळलं. कुठल्याही कागदावर नव्हती, म्हणून कुठल्याही कागदाने जात नव्हती. तो कागद मी दिला.

आम्ही बहिष्कार टाकला, घोषणा दिल्या, अर्ज केला. अर्जाला उत्तर आलं की योग्य पात्रतेचा प्रशिक्षक नेमण्याचा विचार चालू आहे. तो विचार अजून चालू असावा. पुढच्या वर्षी टीम पहिल्याच फेरीत हरली, त्याच्या पुढच्या वर्षी गेलीच नाही. वखारीचे दोन खण दिवाणजीने दुसऱ्या कुणाला दिले. बाया कधीच्याच सडकेने जाऊ लागल्या होत्या आणि आता पाणी मारायला अण्णाही नव्हते, त्यामुळे मुरूम सुटा झाला आणि कोर्टावर कुसळ आलं.

मी अण्णांना भेटायला ग्रंथालयात गेलो तेव्हा ते स्टुलावर उभे राहून वरच्या फळीवरची पुस्तकं झटकत होते. मी काहीतरी बोलायला लागलो. मला माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं ते पुन्हा भाषणच, संघर्ष चालू ठेवू वगैरे. ते खाली उतरले, फडकं खांद्यावर टाकलं. "पत्रक बरं लिवलंस," ते म्हणाले, "एक बी अक्षर चुकलं न्हाय." मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "परशा गुडघा शेकतोय का न्हाय?" अण्णा माझ्यावर रागावले नाहीत. त्यानंतर मी बेळगावला आलो, उद्यमबागेत लागलो, सणावाराला गेलो की त्यांना भेटे. 'जयभीम मिलिंदा' म्हणत, चहा पाजत, आणि जुन्या मॅचेस आम्ही पुन्हा खेळत बसू. माफीचं ते तसंच राहिलं. मला वाटे, ते गरजेचं नाही.

इथवर लिहून झालं आणि हा मजकूर वर्तमानपत्राच्या पुरवणीकडे पाठवायच्या आधी गेल्या रविवारी मी निपाणीला गेलो. अण्णांच्या पत्नी तारा आक्का विड्या वळत बसल्या होत्या, मांडीवर सूप. मी म्हणालो, "आक्का, अण्णांवर लिहिलंय. आधी तुम्हाला वाचून दाखवतो." त्या म्हणाल्या, "वाच की." मी वाचत गेलो. त्यांची बोटं थांबली नाहीत. बायांच्या चालण्याचं आलं तिथे त्या हसल्या, "मी बी हुते की त्यात." तुळईचं आलं तिथे पुन्हा हसल्या. ग्रंथालयाचं आलं, आणि बोटं थांबली.

"ते परत वाच."

मी परत वाचलं. अण्णा माझ्यावर रागावले नाहीत.

"ते खोड," आक्का म्हणाल्या. "खोटं हाय. लई रागावलं हुतं. दोन दिस जेवलं न्हाईत. मी म्हनलं, पोरगं हाय, शानं हाय, आपल्यासाठनंच लिवलंय. तर मलाच म्हनले, माझ्यासाठनं लिवलंय तर मला का इचारलं न्हाय? मी काय त्येला खुर्ची मागितली हुती? मला मैदान पायजे हुतं."

घरात तंबाखूचा वास होता, तोच.

"मला कधी बोलले नाहीत," मी म्हणालो.

"तुला कशाला बोलतील? तुझ्यावर जीव बी हुता." त्यांनी पान घेतलं, जर्दा भरला, पण विडी वळली नाही. तशीच धरून बसल्या. "पहाटं उठायचे. सरावाच्या वक्ताला. उठून त्ये पलटणीतलं पांढरं बूट घालायचे, नाड्या बांधायचे, करकचून, आन् हितं उंबऱ्यावर बसायचे. कोल्हापूरची पयली गाडी गेली की सोडायचे. मग च्या प्यायचे, कॉलेजात जायचे."

"किती दिवस चाललं हे?"

"दिस कसलं?" आक्कांनी माझ्याकडे बघितलं. "तवाधरनं. त्या दिशी बी घातलंच हुतं. बसल्या जागी गेले. नाड्या मी सोडल्या."

'रागावले नाहीत' हे वाक्य मी खोडलेलं नाही. वर आहे तसंच ठेवलंय, म्हणजे मी इतकी वर्षं काय समजून चाललो ते दिसेल. पत्रक आजही लिहीन, तोच मथळा, तेच शब्द. पण आधी त्या ग्रंथालयात नाही, या उंबऱ्यावर येऊन बसेन.

निघताना मी बूट पाहिले. दाराआड, भिंतीला टेकवून, खडू लावून पांढरे केलेले. आक्का म्हणाल्या, "आता नीट लिव. आन् माझं बी लिव त्यात. येवढी वर्सं रोज पहाटं बघत हुते, पर कुठं निघालायसा म्हून एकदा बी इचारलं न्हाय मी त्यास्नी."